हातचा गेलेला शेवटचा नंबर

'व्हय म्हाराजा' एवढंच म्हणायचं राहिलं होतं, आणि ते कुणी म्हणत नव्हतं.

ग्रामदेवतेच्या देवळात बंदरवाडीचा क्रिकेट संघ हात जोडून उभा होता. समईची ज्योत हलायची थांबली होती. समोर भागोजीआजा उभे होते. वाडीच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता, आणि सामना असो वा होडी पाण्यात लोटायची असो, त्यांच्या शब्दांवाचून बंदरवाडीचं पान हलत नसे. पोरं तुझ्या पायरीशी उभी आहेत इथपासून त्यांची चूकभूल पोटात घाल इथपर्यंत, दर वाक्याला संघानं रीतीप्रमाणे होकार भरला होता. मग आजांना काय सुचलं कोण जाणे. गेल्या सामन्यात पोरं झोपेत खेळल्यासारखी खेळली, हे त्यांच्या मनात सलत असावं. त्यांनी डोळे मिटून आवाज चढवला.

"आणि आज जो कोण मनात खोट ठेवून मैदानात उतरंल, त्याचा गुडघा, त्याचा डोळा, त्याचे दात, जे काय बघायचं ते तूच बघून घे, म्हाराजा."

त्या वाक्यानंतर ही शांतता पसरली होती. समुद्र ओसरल्यावर खाडीच्या चिखलात होड्या कलंडून पडतात, तसे सगळे चेहरे कलंडले होते. कारण त्या देवळात उभ्या असलेल्या खेळाडूंपैकी एक बाबू सोडला, तर प्रत्येकाच्या मनात खोट होती. आणि ती सर्वेशनं स्वतःच्या हातानं पेरली होती.

सर्वेश संघाचा कप्तान. एरवी मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या. वादळाचा रंग त्याला आभाळात दिसण्याआधी पाण्यात दिसतो, असं लोक म्हणत. तो स्वतः तर नक्कीच म्हणे. त्याची योजनाही तांडेलाला शोभेशी होती. आजचा सामना हरायचा.

त्यामागे एक अमेरिकन नियम होता. पंचक्रोशीच्या क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष गंगाराम जन्मभर मालवाहू जहाजांवर फिरलेले, आणि परदेशी बंदरांत त्यांना बेसबॉलचं वेड लागलेलं. डोक्यावर तिकडची निळी टोपी घातल्याशिवाय ते मासळी बाजारातही जात नसत. दरवर्षी नव्या खेळाडूंवरून वाड्यावाड्यांत डोकी फुटत, तेव्हा त्यांनी तोड काढली. नवे खेळाडू सगळ्यांचे मिळून एकत्र ठेवायचे. जो संघ स्पर्धेत शेवटचा येईल, त्यानं पहिली निवड करायची. तिकडे याला ड्राफ्ट म्हणतात, दुबळ्याला हात मिळतो आणि खेळ जिवंत राहतो, असं त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. दुबळा आपणहून अधिक दुबळा होऊ बघेल, ही शक्यता बहुधा अमेरिकेत कुणी त्यांच्या कानावर घातली नव्हती.

यंदाच्या नव्या खेळाडूंत एकच नाव जिभांवर होतं. ऋत्विक. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून शिकून परतलेला, विद्यापीठाच्या संघातून खेळलेला. त्याच्या बॅटीला लागून सुटलेल्या चेंडूकडे पाहताना म्हातारेसुद्धा विडी पेटवायचं विसरत. आणि हा ऋत्विक सर्वेशचा सख्खा मेहुणा होता. रुपालीनं नवऱ्याला शांतपणे सांगून ठेवलं होतं की माझा भाऊ दुसऱ्या वाडीकडून खेळताना मला दिसला, तर तुमच्या ताटात महिनाभर दुधी दिसेल. सर्वेशनं छातीवर हात मारून शब्द दिला होता, तिला आणि सासऱ्यांनाही. बंदरवाडी आणि सडेवाडी तळाशी बरोबरीत होत्या. आज हरणारा शेवटचा, आणि ऋत्विक त्याचा. बाबूला मात्र यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याच्या पोटातलं गुपित म्हणजे उन्हात घातलेला बोंबील, वास वाडीभर.

त्याच बाबूनं आता एक डोळा उघडून सगळ्यांकडे पाहिलं आणि देवळाचे वासे हलतील अशा आवाजात तो ओरडला, "व्हय म्हाराजा!"

त्यामागून, मानेवर सुरी ठेवल्यासारखे, बाकीचेही म्हणाले. सर्वेशही म्हणाला. शब्द तोंडातून निघाला तेव्हाच त्याला आपल्या पायाखालची फळी सरकल्यासारखी वाटली.

सामना सड्यावर होता. जांभ्याचं ते माळरान उन्हात तव्यासारखं तापलेलं, खाली दूरवर भाट्याच्या किनाऱ्याची वाळू आणि खाडीचं तोंड. सर्वेश नेहमीप्रमाणे पहिला खेळायला गेला. पहिल्याच चेंडूवर बाद व्हायचं त्यानं ठरवलं होतं. एरवी हे काम न ठरवताही त्याला जमत असे. पण आज हवेत उडालेला सोपा झेल सडेवाडीच्या क्षेत्ररक्षकानं हळुवारपणे, ताटात पुरणपोळी वाढावी तसा, जमिनीवर ठेवला. दुसरा झेलही तसाच. गोलंदाजांचे चेंडू यष्टी सोडून सगळीकडे जात होते.

तेव्हा सर्वेशच्या ध्यानात आलं. सडेवाडीही हरायला उतरली होती.

त्यानं पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या गुरुप्रसादला डोळ्यानं खुणावलं. गुरुप्रसादचं मोबाइलचं दुकान होतं, आणि खुणा ओळखण्यात तो पटाईत होता. त्यानं धावताना मुद्दाम पाय रेंगाळवले, धावचीत होण्यासाठी. त्या रेंगाळण्यात त्याचा पाय मुरडला, तो जांभ्यावर आपटला आणि गुडघा डाळिंबासारखा फुटला.

गुडघा.

लंगडत बाहेर आलेल्या गुरुप्रसादच्या चेहऱ्यावरचा रंग पाहून बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पुढचे फलंदाज जीव तोडून खेळले. बाबूनं तर जन्मातला पहिला चौकार मारला आणि बॅटीलाच नमस्कार केला.

सडेवाडी फलंदाजीला आली. त्यांचे खेळाडू खेळपट्टीच्या मधोमध थांबून एकमेकांच्या घरची चौकशी करावी तसे धावचीत होऊ लागले. शिवाच्या हाती चेंडू देताना सर्वेशनं त्याच्या कानात सांगितलं, यष्टीपासून लांब टाक. शिवानं देवळाच्या दिशेला एकवार पाहिलं आणि तीन चेंडू इतके लांब टाकले की पंचाला बाजूला व्हावं लागलं. चौथ्यासाठी तो धावत निघाला आणि मध्येच डोळा धरून खाली बसला. डोळ्यात चिलट गेलं होतं. पाण्यानं धुतलं, फुंकर मारली, तरी डोळा आंब्याच्या कोयीएवढा सुजला.

शिवानं उरलेल्या एका डोळ्यानं सर्वेशकडे पाहिलं. "आता दात ऱ्हायले," तो म्हणाला, आणि त्यानंतर त्याचा एकही चेंडू यष्टी सोडून गेला नाही.

शेवटच्या चेंडूवर सडेवाडीला सहा धावा हव्या होत्या. समोर त्यांचा कप्तान रामा. सगळी सडेवाडी दरडीवर बसून बघत असताना चेंडू सोडून देणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यानं डोळे मिटून बॅट फिरवली. ती नेमकी लागली. चेंडू वर गेला. इतका वर, की काही क्षण तो नुसता आभाळातला एक ठिपका होता, कुणाचाच नसलेला. मग तो खाली येऊ लागला, थेट सीमारेषेच्या आत उभ्या असलेल्या सर्वेशकडे.

सोडला तर चेंडू रेषेपलीकडे, षटकार, पराभव, ऋत्विक. घेतला तर विजय, दुधी. सर्वेशच्या कानात नुसती गाज होती. सोडायचाच, त्यानं ठरवलं. पण तोंडातले दात जिभेनं एकदा चाचपले आणि त्याचा धीर खचला. निदान आधी माफी तरी मागावी. त्यानं तोंड घट्ट मिटलं, डोळे घट्ट मिटले, आणि दोन्ही हात छातीशी जोडले.

चेंडू त्या जोडलेल्या हातांच्या कोपरांत येऊन बसला आणि तिथंच राहिला.

"इतक्या भक्तिभावानं घेतलेला झेल," लाऊडस्पीकरवरून समालोचक म्हणाला, "या सड्यानं पाहिला नसंल."

संध्याकाळी बंदरावर पालथ्या होडीपाशी वाडी जमली. म्हातारेकोतारे खूश होते. हंगामातला तो पहिला विजय होता. भागोजीआजांनी देवाचं ऐकणं किती तीक्ष्ण आहे हे पुन्हापुन्हा सांगितलं. मासळी विकणाऱ्या धोंडूबाईंनी, ज्या एकही सामना चुकवत नसत, संघाच्या चेहऱ्यांकडे पाहून विचारलं की जिंकलात की कुणाला पोचवून आलात. तेव्हा बाबूनं, ज्याला एव्हाना कुणीतरी सगळं सांगितलं होतं, ते सगळं वाडीला सांगून टाकलं.

त्यावर उठलेला गदारोळ भरती लागेपर्यंत टिकला. अर्धी वाडी म्हणत होती की देवाशी खोटं बोललात. उरलेली अर्धी म्हणत होती की खोटं बोललात ते बोललात, मग नीट तरी हरायचं. गंगाराम निळी टोपी काढून बसले होते. बेसबॉलात असं कधी घडलेलं नाही, असं ते दोनतीनदा म्हणाले. शेवटच्या वेळी त्यांच्या आवाजात खात्री नव्हती. धोंडूबाईंनी निकाल दिला.

"सडेवाडीनं आज नारळच फोडला नाय. मी इचारलंय. गाऱ्हाणंच नाय, तर बांधील कोण? अक्कल म्हणतात ती ही, सर्वेशा. तू नुसता बोटीवर तांडेल."

रात्री ताटात दुधी होता. रुपालीनं तो दोनदा वाढला.

सर्वेशनं तरीही एक प्रयत्न केला. बोटीवरची सगळ्यात देखणी सुरमई टोपलीत घालून तो दुसऱ्या दिवशी सडा चढला आणि रामाच्या पडवीत जाऊन बसला. दुसरे कितीतरी चांगले खेळाडू आहेत, असं त्यानं आडून आडून सुचवलं. रामानं सुरमई आत पाठवली, चहा मागवला, पावसाचं विचारलं, आणि ऋत्विकबद्दल चकार शब्द काढला नाही. उतरताना सर्वेशनं त्या मौनाचा अर्थ होकार असा लावला. तांडेल माणूस, वारा पडला की तो आपल्यासाठीच पडला असं धरून चालायची त्याला सवय होती.

रविवारी शाळेच्या ओसरीवर निवड झाली. गंगारामांनी टोपी घातली, घसा साफ केला आणि पहिला मान सडेवाडीला दिला. रामा उभा राहिला.

"ऋत्विक," तो म्हणाला.

सर्वेश उभा राहिला तो खुर्ची मागे पाडूनच. "रामा, सुरमई खाल्लीस ना रे?"

"खाल्ली. झकास होती. कालवण, तुकड्या, दोन्ही केलं." रामाच्या आवाजात राग नव्हता, उलट कणव होती. "पन मी काय करू, सर्वेशा? तुझ्या मेव्हन्यानंच फोन केल्यान. म्हनाला, कसंबी करून मला तुमीच घ्या. म्हनून तर आमी हरायला बसलो. नायतर आमाला काय हौस होती, बायकापोरांसमोर झेल सांडायची?"

ऋत्विक खांबाला टेकून उभा होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण नजर खाली गेली नव्हती.

"खरं काय हे?" सर्वेशनं विचारलं. आवाज त्याला वाटला होता त्याहून बारीक निघाला. "तुज्यासाठी मी देवाच्या दारात खोटं बोललो. वाडीभर तोंड काळं केलं. तुला आपल्या मानसांत खेळायचं नव्हतं?"

ऋत्विकनं एक पाऊल पुढं टाकलं. बहिणीच्या नवऱ्याशी बोलताना ठेवायचा तो मान त्यानं आत्ताही ठेवला होता.

"खेळायचं होतं, भावजी. फक्त एक सांगा. तुमी मला घेतलं असतंत, तर पयल्या नंबरावर खेळायला कोण गेलं असतं? तुमी का मी?"

बंदरवाडीचे सगळे खेळाडू सर्वेशकडे बघत होते. गुडघ्याला पट्टी बांधलेला गुरुप्रसाद, एका डोळ्याचा शिवा, आणि बाबू, ज्याच्या ओठांवर उत्तर केव्हाचं येऊन थांबलं होतं.

सर्वेशनं पडलेली खुर्ची उचलून सरळ केली, तिच्यावरची धूळ झटकली, आणि तो ओसरी उतरून बंदराच्या वाटेला लागला.