बर्फातला गळ

रमण सावंतांच्या व्हिसाच्या अर्जाला कॅनडाने नकार कळवला, त्याच आठवड्यात कंपनीनेही त्यांच्या हातात नारळ ठेवला. साल नव्याण्णव. तेलाचे भाव पडले होते आणि मस्कतमधल्या अल् खुवैरच्या त्या ऑफिसात एकेक टेबल रिकामं होत होतं. ड्राफ्ट्समन सावंतांचं टेबल त्यातलंच एक. घरी येऊन त्यांनी धीर एकवटला आणि बायकोला अर्धीच बातमी सांगितली, "नोकरी सुटली."

"म्हणजे कॅनडाचं झालं?" प्रेमाने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की सावंत "हो" म्हणून बसले.

त्या एका शब्दाने घर उलटंपालटं केलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं. सोफ्याला गिऱ्हाईक मिळालं. डीप फ्रीझर वरच्या मजल्यावरच्या दिलशादभाभींना द्यायचा ठरला, आणि त्यांनी लगेच बकरी ईदचं उरलेलं सगळं मटण त्यात आणून भरलंसुद्धा. लेकीने, अश्लेषाने, वर्गात जाहीर केलं. सावंत मात्र रोज सकाळी हँडओव्हरच्या नावाखाली टाय बांधून निघायचे आणि बौशरच्या एका सुपरमार्केटात, एसीच्या गारव्यात, न घ्यायच्या वस्तू हाताळत फिरायचे.

"तुम्ही कसलीच तयारी करत नाही," एके दिवशी प्रेमा म्हणाली. "मुंबईहून वहिनी येतायत. तिघांना कोट मागवू का?"

"नको! तिथल्या थंडीत आपले कोट टिकत नाहीत. तिथेच घेऊ."

"मग इथून न्यायचं काय?"

सावंतांची नजर टीव्हीवर ठेवलेल्या फोटोवर गेली. कॅनडात विनिपेगला राहणारा त्यांचा मावसभाऊ कौशिक गोठलेल्या तळ्यावर स्टूल टाकून बसला होता. समोर बर्फाला भोक, हातात आखूडशी काठी.

"गळ," ते म्हणाले. "बर्फात मासे पकडायचा. तिथे फार महाग असतो. मी इथेच स्वस्तात करून घेतो."

तयारी दिसावी आणि खिशाला झळ लागू नये, असं दुसरं काही त्यांना सुचलं नाही.

मत्र्याच्या बंदराजवळ दाभोळच्या बाबामियाँचं जाळ्यांचं दुकान होतं. सावंतांनी गरज सांगितली, तसा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अवो सावंत, मासे पकडून मग बर्फात ठेवतात. तुमचं उलटं काय हे?"

"तिकडे तशी रीत आहे."

"बर्फाखालचा मासा आधीच गारठलेला. त्याला गळ कशाला? हातानं उचला की!"

पण मोडलेल्या काठीचा एक लवचीक शेंडा त्यांनी शोधून दिला. घरी आल्यावर सावंतांनी अश्लेषाच्या तुटक्या बॅडमिंटन रॅकेटची मूठ कापली, तिच्यात शेंडा बसवून चिकटवला, दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर नायलॉनचा तंगूस गुंडाळला. लहानपणी गुहागरच्या खाडीवर गळ टाकणारा हात त्या कामात असा रमला की संध्याकाळभर त्यांना ना नोकरी आठवली, ना नकार. गळ सुरेख झाला. घात तिथेच झाला.

"Wow, बाबा! चालवून दाखवा ना," अश्लेषा म्हणाली. "आपल्याकडे बर्फ आहे. फ्रीझरमध्ये."

"दाखवा हो," प्रेमाही कौतुकाने म्हणाली. "मलाही शिकायला हवं."

आता नाही कसं म्हणणार? सावंतांनी मटणाच्या पिशव्या बाजूला सारल्या. तळाशी बर्फाचा जाड थर होता. "आधी भोक पाडायचं," असं शिक्षकाच्या आवाजात सांगून त्यांनी स्क्रूड्रायव्हर रोवला आणि वर हातोडी घातली. पहिल्या घावाला कपचा उडाला. दुसऱ्या घावाला फ्रीझरने लांबलचक सुस्कारा सोडला. फुस्सऽऽ!

"बाबा, हे काय?"

"गॅस," सावंत म्हणाले. "खिडक्या उघडा."

खिडक्या उघडल्या, तशी मस्कतची भट्टी घरात शिरली. मटणाला पाझर फुटला. दिलशादभाभी धावत खाली आल्या आणि त्यांनी डोक्याला हात लावला.

"अगो प्रेमा, अख्खा बकरा गो! माझ्या फ्रीजात किलोभर पण मावायचा नाय!"

"मग शिजवू या," प्रेमा म्हणाली. "नाहीतरी निरोपाचं जेवण द्यायचंच होतं आम्हाला."

रात्री गच्चीवर सगळी बिल्डिंग जमली. कोणीच रिकाम्या हाताने आलं नाही. भाभींच्या यजमानांनी, शरीफभाईंनी, सावंतांच्या गळ्यात मफलर घातला. तळमजल्यावरच्या जयप्रकाशने उटीचा स्वेटर दिला. हातमोजे आले, कानटोप्या आल्या. कोणीतरी तो गळही आणून सावंतांच्या हातात दिला. त्या उकाड्यात, लोकरीच्या ढिगाशेजारी, मफलर घालून बसलेल्या सावंतांचा घाम काही केल्या थांबेना.

"दो शब्द, सावंतसाब!" जयप्रकाश ओरडला.

सावंत उठले. सगळ्यांचे आनंदी चेहरे पाहून त्यांना एकाएकी खोटं पेलेनासं झालं.

"आम्ही कॅनडाला जात नाही. त्यांनी नकार दिला. माझी नोकरी गेली. मी सगळ्यांना फसवलं."

शरीफभाई पोट धरून हसले. "क्या ॲक्टिंग है!" टाळ्या पडल्या. सावंत पुन्हा म्हणाले, "खरंच सांगतोय." हसण्याचा फवारा आणखी उंच उडाला. गळ्यात मफलर, हातात गळ. अशा माणसावर कोण विश्वास ठेवणार?

फक्त प्रेमा हसली नाही. तिच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच थांबला होता. मग तिने शेवटच्या पानापर्यंत सगळ्यांना आग्रह करून वाढलं, आणि नवऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

पाहुणे गेल्यावर तिने लोकरीचे सगळे कपडे एका चादरीत बांधले.

"कोट मागवले असते तर?" तिने विचारलं.

"मागवू दिले नसते."

"मला सांगता आलं नाही तुम्हाला?"

सावंतांनी गळ्यातला मफलर सोडून तिच्यापुढे ठेवला. तिने तो गाठोड्यात खोचला. डोळे पुसले. मग म्हणाली, "उद्या हे ज्याचं त्याला परत करायचं. मी बरोबर येईन. पण बोलणार तुम्ही. मी तोंड उघडणार नाही."

दुसऱ्या दिवशी सावंत गाठोडं खांद्यावर घेऊन जिना चढले. मागे प्रेमा. दिलशादभाभींनी दार उघडलं. सावंतांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आवाज म्हणून फुटेना.

प्रेमाने ते त्यांच्या खांद्यावरून उतरवून घेतलं.

"भाभी, ते काल खरं बोलत होते," ती म्हणाली. "आत येऊ का? यांना आधी घोटभर पाणी द्या."