न वाचलेल्यांची समिती

वाचनालयाच्या मोठ्या साहेबांनी ती कादंबरी बुधवारी सकाळी अकरा वाजता ताब्यात घेतली, तेव्हा माझी शेवटची बावीस पानं ऐकायची राहिली होती. या सगळ्या प्रकरणात महत्त्वाची गोष्ट एवढी एकच. बाकीचं त्यांच्या फायलीत आहे.

माझी सून त्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसते. दुपारी जेवायला घरी येते आणि मला अर्धा तास वाचून दाखवते. माझी शाळा दुसरीपर्यंत. दुकानांच्या पाट्या मी घडाघड वाचते, पण पुस्तकातली मुंगीएवढी अक्षरं वेचत बसायला माझ्याकडे ना डोळे आहेत ना सबुरी. आणि घरात शिकलेली सून असताना मी कशाला डोळे फोडू?

कादंबरी जुनी, नावाजलेली. इतकी वर्षं टिकली म्हणून तिला अभिजात म्हणतात. मीही टिकले आहे, मला कोणी म्हणत नाही. गोष्ट अशी, की एका गावाच्या सभागृहातली चांदीची घंटा चोरीला जाते. सगळा गाव कुलपं दुरुस्त करणाऱ्याला धरतो, कारण बंद दार उघडता येतं ते त्यालाच. पुरावा शून्य. गावात बाहेरून आलेला एक दंतवैद्य आहे, नऊ मांजरं पाळणारी एकटी बाई आहे, शाळेचे हेडमास्तर आहेत, आणि सभागृहाची किल्ली या तिघांपाशीही कधी ना कधी गेलेली आहे. पण त्यांना कोणी विचारत नाही. कुलूपवाल्याला भर चौकात उभं करून चौकशी सुरू होते, आणि नेमकी तिथे सुनेची जेवणाची सुट्टी संपली.

मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, घंटा दंतवैद्याने नेली. जो माणूस कारण नसताना हसतो त्याच्या खिशात काहीतरी असतं.

तर आमच्या रस्त्याच्या टोकाला दवाखाना असलेल्या एका खऱ्याखुऱ्या दंतवैद्याने अर्ज दिला, की सदर कादंबरीत दंतवैद्यांविषयी पूर्वग्रह आहे. त्याने ती वाचलेली नव्हती. एका पेशंटने त्याला सांगितलं होतं, तेही तोंडात कापूस असताना. साहेबांनी पुस्तक कपाटात घातलं, कपाटाला सील लावलं आणि पूर्वग्रह शोध समिती नेमली.

"समितीत कोण कोण?" मी सुनेला विचारलं.

"ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही ते."

"आणि ते काय करणार?"

"तिच्यातला पूर्वग्रह शोधणार."

"न वाचता?"

"वाचलं की मत होतं ना, आई. आधीच मत झालेला माणूस पूर्वग्रहाच्या समितीत कसा चालेल? म्हणून तर मला कपाटाजवळसुद्धा जायला बंदी आहे."

मी नियम दोनदा मनात घोळवला. त्यात कुठे फट नव्हती.

समितीत बेकरीवाला, व्यायामशाळेचे मास्तर आणि चष्म्याच्या दुकानाची मालकीण असे तिघे होते. तिघांनीही आपण काही वाचलेलं नाही असं लिहून दिलं. त्यांच्या चार बैठका झाल्या. वाचायची मनाई असल्यामुळे त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं. त्यावरच्या माणसाचं नाक लांब होतं, सबब लांब नाकाच्या लोकांविषयी पूर्वग्रह, क्रमांक एक. मग पुस्तक उलटं करून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती. ती नेमकी कोणाविषयी कोरी आहे यावर दोन बैठका गेल्या.

महिनाअखेर पाच वाजेपर्यंत अहवाल झाला नाही, तर पुस्तक मुख्य गोदामात जाणार असं पत्र आलं. सून म्हणाली, त्या गोदामात गेलेलं एक स्टूलसुद्धा आजवर परत आलेलं नाही.

मी चांगली साडी नेसले आणि साहेबांकडे गेले.

"या आजी, बसा."

"आजी मी माझ्या नातवंडांची. तुमच्याकडे कामासाठी आलेय. मला समितीत घ्या."

"तुम्ही ही कादंबरी वाचलीय का?"

"मी जन्मात एक पुस्तक वाचलेलं नाही."

साहेब खुर्चीतून उठलेच. इतका स्वच्छ उमेदवार त्यांच्या नोकरीत आला नव्हता. मी ऐकली आहे का, हे त्यांनी विचारलं नाही, कारण फॉर्मवर ऐकण्याचा रकाना नव्हता. आणि विचारल्याशिवाय सांगायची मला सवय नाही.

पहिल्याच बैठकीत मी म्हटलं, "एकाने एक पान मोठ्याने वाचायचं. पूर्वग्रह मोजायचे. वाचलं म्हणजे मत झालं, म्हणून लगेच राजीनामा द्यायचा आणि पुढच्याला बोलवायचं."

साहेबांनी कागद तपासले. "नियमात बसतंय. पण बाकीच्यांच्या कानावर पडून त्यांचंही मत व्हायचं."

"त्यांना बाहेर बाकावर बसवा."

"आणि तुम्ही?"

"कोणीतरी आत नको का? मी वाचणार नाही, म्हणजे मी कधी बाद होणार नाही. मला अध्यक्ष करा."

केलं.

"पहिल्या पानापासून सुरुवात करू या," साहेब म्हणाले.

"शेवटून बावीस पानं घ्या. पूर्वग्रह तळाला साठतो, भांड्यातल्या गाळासारखा." हे त्यांनी लिहून घेतलं.

बेकरीवाल्याच्या पानात लोक कुलूपवाल्यावर शिळे पाव फेकत होते. त्याने डोळे पुसले. मला वाटलं, माणसाला दया आली. तर म्हणाला, पाव शिळा म्हणणं हा सरळसरळ पूर्वग्रह आहे, क्रमांक दोन. आणि फेकणारा हेडमास्तर दिसतोय, चोर तोच. राजीनामा देऊन गेला. मास्तरांच्या पानात दंतवैद्य कुलूपवाल्याला पाणी देत होता. मास्तर म्हणाले, हा देवमाणूस. मी नोंद करायला लावली, "पाणी संशयास्पद." चष्मेवाल्या बाईंच्या पानात मांजरवाली काहीतरी लपवत होती. त्या म्हणाल्या, "हीच. एकटी राहते आणि नऊ मांजरांना पोसते, म्हणजे पैसा कुठून येतो?" पुढे काय झालं हे त्यांना कळायचं नव्हतं. त्या पिशवी उचलून गेल्या, आणि पुढच्याच ओळीत त्या बाईने लपवलेलं दहावं मांजर निघालं.

असं रोज चाललं. जो ज्याच्या पानावर सापडेल त्याला तो चोर ठरवून घरी जायचा. नळदुरुस्तीवाल्याच्या पानात माणूसच नव्हता, नुसता एक घोडा होता. त्याला घोड्याचा संशय आला. साहेबांनी विचारलं, सदस्यांची ही मतं इतिवृत्तात घ्यायची का. मग स्वतःच म्हणाले, नको, आपल्याला फक्त कादंबरीतले पूर्वग्रह मोजायचे आहेत.

एकवीस पानं झाली आणि माणसं संपली. कादंबरी शाळेत अभ्यासाला होती म्हणून बरेच जण बाद व्हायचे, पण त्यांच्यातल्या बहुतेकांनी नुसतं गाईड वाचलं होतं, त्यांना आम्ही न वाचलेल्यांत धरून आधीच वापरून टाकलं होतं. अर्जदार दंतवैद्य चालला नसता. तक्रार केली म्हणजे त्याचं मत झालेलं. महिन्याचा शेवटचा दिवस, चार वाजलेले, एक पान बाकी.

सून दारात उभी राहिली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "आई, माझी आई आहे. तिने वाचलेली नाही."

आता हे सांगणं भाग आहे. माझ्या विहिणीशी मी अकरा वर्षं बोललेली नाही. लग्न ठरल्यावर त्या पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, आणि उठताना त्यांनी कपाटावरून एक बोट फिरवलं. बोट फिरवलं ते फिरवलं, वर ते निरखून पाहिलं. त्या घरात किती माया आहे ते मला तेव्हाच कळलं.

"दुसरं कोणी?" मी साहेबांना विचारलं.

"कोणी नाही. आणि पाचला गोदामाची गाडी येतेय."

मी म्हटलं, बोलवा.

विहीणबाई आल्या. बसण्याआधी त्यांनी रुमालाने खुर्ची पुसली. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनी पान हातात घेतलं आणि वाचलं, चांगलं वाचलं, ठासून. चौकात गर्दी, चौकशी अधिकारी उठला, त्याने कागद उघडला. आणि विहीणबाई शेवटच्या ओळीवर बोट ठेवून थांबल्या. तेच बोट.

"पुढे?" मी म्हटलं.

"पुढे एकच ओळ आहे. चोराची."

"वाचा की मग."

"आधी अध्यक्षबाईंनी एक नोंद करावी. माझ्या मुलीला सासरी वळण लावावं लागलं नाही, ते तिने माहेरूनच आणलं होतं."

"तुम्ही माझ्या कपाटावरून बोट फिरवलं होतं."

"धूळ होती."

"होती. त्या दिवशी घरात सतरा पाहुणे होते, आणि तुम्ही येणार म्हणून सकाळी चार वाजल्यापासून मी एका पायावर उभी होते. कपाटाच्या वर कोणी बघेल असं वाटलं नव्हतं."

विहीणबाईंनी ओळीवरचं बोट उचललं. मग हळू म्हणाल्या, "मला काय ठाऊक. मी बोटभर पाहिलं आणि घरभर ठरवून टाकलं."

"मीही तेच केलं," असं मी म्हणणार होते. पण साहेब समोर होते. मी त्यांना म्हटलं, "लिहा. वळण माहेरचं."

साहेबांनी पेन वर उचललं. "हा पूर्वग्रह मोजायचा का?"

"कादंबरीत आहे का हा?" विहीणबाईंनीच विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही तुमचं काम बघा," आम्ही दोघी एकदम म्हणालो, आणि विहीणबाईंनी शेवटची ओळ वाचली.

अहवाल पाचला पाच मिनिटं असताना गेला. कादंबरीत एकूण एकेचाळीस पूर्वग्रह आढळले, समितीत एकही आढळला नाही. पुस्तक टेबलावर परत आलं. विहीणबाईंना शेवटचं पान तेवढं माहीत, म्हणून आता त्याही दुपारी आमच्याकडे येतात आणि सून पहिल्यापासून वाचते. कपाट मी आदल्या दिवशीच पुसून ठेवते. त्या बघत नाहीत, पण असू दे.

घंटा दंतवैद्याने चोरलेली नव्हती. तो तेवढ्यापुरता सुटला. त्याचं हसणं मला अजून पटलेलं नाही.

मग कोणी, ते तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही कादंबरी वाचलेली नाही, तेव्हा समितीत बसायला तुम्ही पूर्ण लायक आहात. मी तुम्हाला फक्त एकाची कुलपं, एकीची मांजरं आणि एकाचा शिळा पाव दाखवला, एवढ्यावर तुम्ही त्यांच्यातल्या एकाला केव्हाच धरून ठेवलंय. कोणाला, ते विचारायची मला गरज नाही. पुस्तकं वाचणारी माणसं कशी असतात हे मला चांगलं ठाऊक आहे.

तो चोर नाही.