एकसष्टजणींची एक रांग

साठ लेझिमी, साठ निळ्या काठांच्या पांढऱ्या साड्या, एक हलगी, ती वाजवणारे महिपतीभाऊ आणि एक शिट्टी. शिट्टी धम्मदीपच्या गळ्यात होती. नवलाख उंबरे गावाचा संघ मैदानावर हजर होता, फक्त बाया मोजायच्या राहिल्या होत्या.

धम्मदीप यंदाच भौतिकशास्त्रात पदवीधर झालेला. संघ त्याच्या हिरामावशीचा. जयंतीच्या दुपारी स्पर्धा, आणि जिंकेल तो संघ संध्याकाळच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे. हरणाऱ्यांना जनरेटरच्या गाडीमागची जागा. मावशीच्या बाया तीन वर्षं धूर खात नाचल्या होत्या.

"मावशी, यंदा रांगा माझ्यावर सोड," धम्मदीप महिन्याभरापूर्वी म्हणाला होता. "साठला बारा विभाजक आहेत. शंभरला नऊच! शिट्टी वाजली की दहा-दहाच्या सहा रांगा. पुन्हा वाजली की बारा-बाराच्या पाच. मग पंधराच्या चार. एकही बाई उरायची नाही."

बायांनी खरंच ते लोण्यासारखं बसवलं होतं.

त्याने मोजल्या. एकोणसाठ.

"रतन कुटंय?" मावशीने विचारलं.

"कंपनीत. तिच्या बदलीची बाई आलीच न्हाई, सुपरवायजर सोडंना," कुणीतरी म्हणालं.

धम्मदीपने एकोणसाठला दोनाने भागलं, तीनाने, पाचाने, साताने. मग तो खाली बसला.

"मूळ संख्या आहे. रांगाच होत नाहीत."

"साताच्या पुढं बघ की."

"पुढे बघायची गरज नाही, मावशी. आठ आठे चौसष्ट, म्हणजे एकोणसाठच्या पलीकडे. पुढचा विभाजक असता तर त्याचा जोडीदार आधीच सापडला असता. चौघी बाजूला बसल्या तर पंचावन्न होतील. अकराच्या पाच रांगा."

"कोन बसतंय गं?" मावशीने हाक दिली. सगळ्या बाया एकदम डोंगराकडे बघू लागल्या.

शेवटी मावशीने शेजारच्या इंदुरी गावी दिलेल्या लेकीला फोन लावला. रेणुका अर्ध्या तासात रिक्षातून उतरली, लेझीम आणि गेल्या वर्षीच्या साडीसह. तिच्या मागून तशीच साडी नेसून तिची जाऊ ज्योत्स्ना उतरली.

"ही कशाला?" धम्मदीपचा आवाज चिरकला.

"ती म्हणली, तू नाचणार आन मी काय भांडी घासू?" रेणुका म्हणाली.

एकसष्ट. दोन, तीन, पाच, सात. पुन्हा मूळ संख्या. महिनाभर कुशीत घेऊन झोपावं असा साठचा आकडा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हे दोन राक्षस उभे!

"एकीने पुढे नाचायचं, साठजणींनी मागे," तो घाईने म्हणाला.

"पुढं कोन?" अकरा हात वर झाले.

"हात खाली घ्या," मावशी म्हणाली. "आमच्या संघात मुकादम न्हाई. एकसष्टला काय चालतं ते सांग."

"एकच. एकसष्टजणींची एक रांग."

"मंग तीच. सगळ्या एका रेघंत, कुणी पुढं न्हाई, कुणी मागं न्हाई."

तेवढ्यात संघाचं नाव पुकारलं गेलं. लेझीम फिरवायला जागा सोडत रांग मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. महिपतीभाऊंनी डावं टोक धरलं, कारण लिंबाची सावली तिथेच होती.

"भाऊ, मधे या," धम्मदीप ओरडला.

"उनात तू वाजव," भाऊ म्हणाले आणि हलगीवर टिपरी पडली.

पहिल्याच ठेक्याला धम्मदीपला दिसलं. डावीकडची मावशी वाकली तेव्हा उजवीकडची रेणुका अजून ताठ होती. वाकणं डावीकडून उजवीकडे सरकत गेलं, जोंधळ्यावरून वारं जावं तसं. उठणंही तसंच. त्याने शिट्टी दातात धरून डोळे मिटले.

लोक उभे राहिले होते. टाळ्या थांबेनात. परीक्षकबाई माधवीताई व्यासपीठावरून खाली आल्या.

"ही लाट कुणी बसवली?"

"चूक झाली, मॅडम, खरं म्हणजे आवाज उशिरा..." धम्मदीपने सुरुवात केली.

मावशीने त्याच्या पायावर पाय दिला. "आमच्या भाच्यानं. लय शिकलाय."

संध्याकाळी नवलाख उंबऱ्याचा संघ सगळ्यांच्या पुढे निघाला. धम्मदीप मात्र मोजपट्टी घेऊन रिकाम्या मैदानावर होता. रांगेची लांबी नव्वद मीटर भरली. हलगीचा आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला ०.२६ सेकंद लागले होते.