कृमीचं बारसं

आंबिवलीच्या तळ्यातल्या रोहू माशांना चपटे कृमी लागले, ही बाब मालूने आपण होऊन सरकारच्या कानावर घातली. पुढे जे काही झालं त्याला मूळ कारण हेच, असं नंतरच्या सरकारी चौकशीत नमूद आहे.

तळ्याचा मक्ता मालूच्या नवऱ्याचा, नामाचा. वैशाखात पाणी उतरलं की मासळी ओढायची, सगळ्या पाड्याला जेवू घालायचं आणि त्याच पंगतीत त्यांच्या तान्ह्या पोराचं बारसं करायचं, असं ठरलं होतं. त्यांच्या घरात पहिल्या पोराचं नाव मक्त्याची मासळी निघाली कीच ठेवत. मासळीआधी नाव ठेवलं तर तळं रुसतं, असं सासू सांगे. तोवर त्याला सगळे नुसतं ‘बाला’ म्हणत आणि तोही ऐकून हसे.

मासे दगडांवर अंग घासू लागले तेव्हा सासरा म्हणाला, “आता राज आपला हाय. सायबाला दाखव.” मालूने एक रोहू डब्यात घातला, बालाला कडेवर घेतलं आणि ठाण्याचं ‘गोड्या पाण्यातील मत्स्यकृमी ओळख कार्यालय’ गाठलं.

कार्यालय नवं होतं. कृमी ओळखणं एवढंच त्याचं काम. काढणं त्याच्या कक्षेत येत नसे. तिथले अधिकारी श्री. परशुराम टिपणीस यांच्याकडे एक भिंग आणि एक विलायती ग्रंथ होता. ग्रंथ सबंध ट्राउट या थंड पाण्यातल्या माशावर. साहेबांनी प्रत्यक्ष ट्राउट कधी पाहिला नव्हता, पण चित्रातला इतका पाहिला होता की बाजारातले इतर मासे त्यांना अशुद्ध वाटत.

त्यांनी रोहूचा कल्ला उचलला, भिंग लावलं. पानासारखे चपटे, इवलेसे जीव तिथे चिकटून वळवळत होते.

“कृमी आहेत,” साहेब म्हणाले.

“ते मना पन दिसतान,” मालू म्हणाली.

“पण कोणते? ग्रंथात म्हटलंय, शेपटीच्या अलीकडे पाठीवर जो छोटा मांसल पर असतो, तिथून मोजमाप सुरू करावं.” साहेबांनी रोहूची पाठ चाचपली. पुन्हा चाचपली. “याचा पर कुठाय?”

“ह्याला नसतंच तसला.”

“नसतं म्हणजे? पाडला असेल कुणी.” आणि त्यांनी शेरा मारला: मासा अपूर्ण, ओळख अशक्य.

कोपऱ्यात मिठाचं पोतं उभं होतं. मालूने विचारलं तेव्हा शिपाई दौलत म्हणाला, “ते औषध. खारट पाण्यात मासा बुडवला की बहुतेक कृमी गळतात.”

“मंग द्या ना, सायेब.”

“अहो बाई,” साहेब समजुतीने म्हणाले, “बुडवले आणि गळले, तर कोण गळलं ते कसं कळायचं? आधी नाव, मग औषध.”

मालूने कडेवरच्या पोराकडे पाहिलं. “माझे पोराचा नाव पन अजून ठेवला नाय. म्हनून त्याला दूध पाजाचा थांबवू का?”

साहेबांनी भिंग पुसलं. “तुलना गैरलागू आहे,” ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी तळं ‘तपासणीखाली’ गेलं. तपासणीखालच्या पाण्यात जाळं टाकायचं नाही, मीठ टाकायचं नाही, पायही बुडवायचा नाही. काठावर दौलत बसला. नामाने घरचं मूठभर मीठ आणलं, तर दौलतने ते जप्त केलं आणि कैरीला लावून खाल्लं. “माझ्या हातात असतं तर,” तो चघळत म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

मासा अपूर्ण म्हटल्यावर पूर्ण मासा आणणं ओघानेच आलं. दूरच्या डोंगरातून बर्फाच्या पेट्यांत ट्राउट मागवले गेले. ते आंबिवलीच्या कोमट पाण्यात सोडायचे, त्यांना कृमी चिकटू द्यायचे आणि मग ग्रंथाप्रमाणे ओळखायचे, अशी योजना. पाणी थंड ठेवायला कल्याणहून बर्फाच्या लाद्या आल्या. गावची पोरंठोरं बर्फ चोखत होती. मालू तेवढी पदराआड बालाला पाजत काठावर बसून राहिली. तिचे रोहू एकेक करून उलटे होऊन वर येत होते. त्यांची पोटं पांढरी होती, तिला आधी तो बर्फच वाटला.

ट्राउटही टिकले नाहीत. पण एकाने, सरकारची कदर असल्यासारखं, कृमी चिकटेपर्यंत प्राण धरून ठेवले. साहेबांनी त्याच्या परापासून मोजलं. कृमी ग्रंथात नव्हता. म्हणजे नवा होता. नवा म्हणजे शोध.

मीठ त्याच दिवशी मंजूर झालं. दौलतने ते नियमाप्रमाणे तळ्यात ओतलं. तळ्यात बुडवण्यासारखं काही उरलं नव्हतं, सबब तळं कृमिमुक्त जाहीर झालं.

नव्या कृमीला टिपणिसांच्या वरच्या थोरल्या साहेबांचं नाव द्यायचं ठरलं. समारंभात आपली संस्कृती दिसावी म्हणून स्पिरिटच्या बाटलीतला कृमी पाळण्यात घालून बारसं करावं, ही सूचनाही टिपणिसांचीच. लोकांचा सहभाग हवा, म्हणून पाळणा आंबिवलीहून आणायचा. दौलतने मालूला सांगितलं, “दे. जमलं तर तुझ्या पोराचंही नाव तिथंच घेतील.” तिने पाळणा धुऊन दिला.

ठाण्याच्या सभागृहात पाळणा झेंडूने मढवला होता. बायकांनी गाणी म्हटली, घुगऱ्या वाटल्या, थोरल्या साहेबांनी बाटलीच्या कानाशी वाकून स्वतःचं नाव कुजबुजलं. टाळ्या झाल्या. मालू दाराशी उभी होती. बालाने आपला पाळणा ओळखला आणि तिकडे झेपावून रडायला लागला. तिने त्याला थोपटलं, पण हाक मारून गप्प करायला नाव नव्हतं, आणि मासळीवाचून यंदा होणारही नव्हतं.

“त्या बाईला कुणीतरी बाहेर घ्या हो,” पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. कोण, ते कळलं नाही. आवाज मात्र शिकलेल्या, सभ्य, मासे आवडीने खाणाऱ्या माणसाचा होता. घरी गेल्यावर त्यालाही मालूची फार दया आली असेल. आत्ता, हे वाचताना, तुम्हाला येते आहे तितकीच.