सातव्या मजल्याची खिडकी

ऋजुता दामले पुनर्वसनाच्या त्या इमारतीत पहिल्यांदा गेली, तेव्हा तिथल्या खिडक्या लहान असतील अशी तिची अपेक्षा होती. प्रत्यक्षात सातव्या मजल्यावर दहा घरांत मिळून एकच खिडकी होती आणि त्या दिवशी ती लोंढ्यांकडे होती.

परदेशात सार्वजनिक आरोग्य शिकून ती नुकतीच परतली होती. स्वस्त घरं आणि क्षयरोग यांचं नातं तिनं तिकडे नकाशात रंग भरून सिद्ध केलं होतं. इथे एका संस्थेनं तिला घरोघरी पाहणीला पाठवलं. पहिलाच प्रश्न होता, घरात खिडक्या किती?

“आज, की एरवी?” हिराबाई लोंढ्यांनी विचारलं.

मग त्यांनीच समजावून सांगितलं. रोज सकाळी दूध येऊन गेलं की खिडकी खिळ्यांवरून उतरवायची, दोघांनी धरून शेजारच्या घरी पोचवायची. तिथल्या भिंतीवर टांगली की तिच्यातून वारा येतो, ऊन येतं, खाली नाला आणि नाल्यापलीकडची बाभूळ दिसते. घर कुठलंही असो, नाला तोच, बाभूळ तीच.

“नेताना मात्र खिडकीची दारं घट्ट लावायची,” हिराबाई म्हणाल्या. “पहिलं वर्षभर आम्ही येडे उघडीच न्यायचो. निम्मा वारा पॅसेजमध्येच सांडायचा.”

शेवटच्या घरात भालेरावांची सुवर्णा राहत होती. वय एकोणीस, क्षय. गोळ्या वेळेवर मिळत होत्या. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर मोकळी हवा सांगितली होती आणि ती दहा दिवसांतून एकदा येत होती. खिडकीच्या दिवशी सुवर्णाचा ताप उतरे, ती भिंतीला टेकून दोन भाकऱ्या खाई. खिडकी गेली की खोकला परत येई. एक फुप्फुस गेल्यात जमा होतं. दुसरं वाचवायचं होतं.

ऋजुता गृहनिर्माण कार्यालयात गेली. उपअभियंता खानोलकर यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते सज्जन होते.

“मॅडम, मजल्याला खिडकी द्यायची असा नियम आहे. आम्ही दिली. घराला द्यायची असं कुठे लिहिलंय?”

“पण दहा घरांना एक?”

“म्हणून तर फिरती दिली. हवा खेळती हवी, हे तुमचे आरोग्यवालेच सांगत होते ना?”

ऋजुताच्या अभ्यासक्रमात खिडक्या जागच्या हलत नसत.

संध्याकाळी तिनं मजल्यावरच्या लोकांना पॅसेजमध्ये जमवलं. सुवर्णा दारातच तोंडावर ओढणी धरून बसली. ऋजुता तळमळून बोलली. घर म्हणजे नुसतं छप्पर नव्हे, श्वास हा माणसाचा हक्क आहे, आणि सुवर्णा बरी होईपर्यंत खिडकी तिच्याकडेच राहिली पाहिजे. लोकांनी शांतपणे ऐकलं.

“बोलतेस छान गं,” हिराबाई म्हणाल्या. “पण रविवारी आमच्या दत्तूला बघायला येणारेत. खिडकी नसलेल्या घरात कोण पोरगी देईल?”

“एरवी असतेच कुठे तुमच्याकडे?” पलीकडून नसीमखाला म्हणाल्या. “पोरीला फसवताय की!”

“फसवत नाही. दहातला एक दिवस आहे, तोच दाखवतोय. तुमच्या सलमाच्या वेळी नाही का आमची पाळी तुम्ही मागून घेतली?”

हशा पिकला. मग नसीमखाला ऋजुताकडे वळल्या आणि त्यांचा आवाज उतरला. “बेटी, आमच्या ह्यांना दमा आहे. तरी मी जास्तीचा दिवस मागत नाही. पाचव्या मजल्यावर काय झालं, विचार कुणालाही.”

पाचव्या मजल्यावर एका आजारी म्हाताऱ्यासाठी सगळ्यांनी पाळी सोडली होती. त्याच्या मुलानं खिडकी सिमेंटनं पक्की केली. म्हातारा बरा झाला. खिडकी अजून त्यांच्याच भिंतीत आहे, आणि पाचव्या मजल्यावर आता नऊ घरं खोकतात.

“ताई,” सुवर्णा दारातून म्हणाली, “माझ्यासाठी पाळी मोडू नका. एकदा मोडली की ज्याचा आवाज मोठा त्याचीच खिडकी. आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज माझ्या खोकल्याचा आहे.”

शेवटी सुवर्णाची आई, कौसाबाई, उठता उठता म्हणाली, “माझी माहेरची असती, तर प्रश्नच नव्हता.”

“म्हणजे?”

“माहेरून आणलेल्या वस्तूला पाळी नसते. माझा पाटा बघा, कुणी मागितलाय का कधी? पण माझं माहेर पत्र्याचं. खिडकीच्या जागी गोणपाट होतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. माहेरच्या वस्तूबद्दल मजल्यावर दुमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता आपल्या खोलीतल्या खिडक्यांकडे बघत पलंगावर बसली होती. खिडक्या दोन होत्या. एक पुस्तकांच्या कपाटामागे दडलेली. ती मोरीच्या पाइपांकडे उघडे. तिच्या मनात आधी तीच आली. तिनं कपाट सरकवलं, खिडकी उघडली, वास घेतला आणि परत लावून टाकली. मग ती पूर्वेच्या खिडकीपाशी गेली. हिच्याजवळ बसून ती लहानाची मोठी झाली होती. परदेशात घरची आठवण आली की डोळ्यांपुढे हीच चौकट येई. खाली चिकूचं झाड होतं आणि बाबा उघड्या अंगानं त्याला पाणी घालत होते.

आई चहा घेऊन आली, तेव्हा ऋजुताच्या हातात पाना होता.

“ही खिडकी कुठे निघाली?”

“सातव्या मजल्यावर. भालेरावांच्या सुवर्णाकडे. कौसाबाईंना माहेरची म्हणून देतेय.”

आईनं कप ठेवला. “परत यायचीय, की कायमची?”

“कायमची.”

“आणि तुला वारा?”

“पाइपांकडची आहे ना. कपाट दुसरीकडे लावू.”

आईनं खाली चिकूकडे एकदा पाहिलं. मग आत गेली आणि हळदकुंकवाची कोयरी, नारळ आणि मूठभर तांदूळ घेऊन आली. तिनं चौकटीला हळदकुंकवाचं बोट लावलं, तांदूळ आणि नारळ पडद्याच्या पदरात बांधले.

“माहेरची म्हणतेस, मग रिकामी पाठवू नये,” ती म्हणाली. “दारं नीट लावून घे, वाटेत सांडायला नको. आणि ह्यांना मी सांगते, उद्यापासून झाडाला पाणी घालताना सदरा घाला म्हणून. आता समोर मुलगी राहायला येतेय.”