नाकाने ऐका!

माणसाची संस्कृती त्याच्या नाकात असते, असं इथे परदेशात आमच्या हौगांगच्या ब्लॉकमधले वर्तकसाहेब सांगतात. इतक्या गांभीर्याने सांगतात, की ऐकणाऱ्याचा हात नकळत रुमालाकडे जातो.

वर्तकसाहेब एका बँकेत ऑडिटर. बँकेने त्यांना एकदा फ्रान्सला धाडलं आणि ते तिथून घडीचा चाकू घेऊन आले. पात्यामागच्या स्प्रिंगवर कोरलेली मधमाशी, आणि मूठ जुनिपर नावाच्या झाडाच्या सुगंधी लाकडाची. चहाचा कप हातात यायच्या आधी ही मूठ पाहुण्याच्या नाकाखाली येते.

"हुंगू नका हो! हुंगतं ते कुत्रं. नाकाने ऐका!"

ऐकून झालं की उत्तर द्यावं लागतं. माझी बायको म्हणाली, "चंदन." "चंदन देवघरात, वहिनी. हे जंगल आहे!" मी कापूर म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे व्हाउचर हरवलेल्या क्लार्ककडे बघावं तसं बघितलं. आमच्या मुलीने क्षणभर नाक लावलं आणि इथल्या शाळेतल्या बोलीत निकाल दिला, "पेन्सिल लाह, अंकल." तिला पुन्हा ऐकायला लावण्यात आलं. निकाल बदलला नाही.

या चाकूने कधी काही कापलं मात्र नाही. खिशात चाकू घेऊन फिरणं इथल्या कायद्याला आवडत नाही, म्हणून ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या पिकनिकला चाकू घरी राहायचा आणि त्याचं वर्णन तेवढं बरोबर यायचं. ते चाकूपेक्षा बरंच लांब होतं. एकदा तिथे शेजारच्या चटईवर कुणी ड्युरियन हे भयंकर उग्र वासाचं फळ फोडलं. आम्ही सगळे पांगलो. वर्तकसाहेब जागचे हलले नाहीत. आम्ही त्याला संयम म्हणालो.

गेल्या दसऱ्याला आम्ही त्यांच्याकडे गेलो. पाटावर शस्त्रं मांडली होती: साहेबांचा लॅपटॉप, वर्तकवहिनींची विळी आणि तो चाकू. तिघांनाही हळदकुंकू. वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"भाऊजी, घोटाळा झालाय. काल पूजेसाठी विळी घासली, गंजू नये म्हणून खोबरेल लावलं. त्याच हाताने चाकूही घासला. मुठीसकट. वास गेला हो त्याचा!"

"मग सांगून टाका साहेबांना."

"कसं सांगू? सार्सच्या साथीच्या वर्षी फ्लू झाला होता ना त्यांना, तेव्हापासून कसलाच वास येत नाही. मला कळलंय, हे त्यांना ठाऊक नाही. फोडणी करपली तरी 'वा, काय घमघमाट!' म्हणतात. म्हणून तर सगळ्यांना हुंगायला लावतात. दुसऱ्याला आला, की वास अजून आहे अशी खात्री पटते त्यांची. आज कुणी खरं बोललं तर—"

"परीक्षक कुठे गेले?" बाहेरून हाक आली.

मी बाहेर गेलो. मूठ नाकाखाली आली. नुसतं खोबरेल.

"काय ऐकू आलं?"

"जंगल," मी म्हणालो. "अख्खं."

त्यांनी समाधानाने चाकू परत घेतला आणि त्यांचा अंगठा मुठीवरून घसरला. त्यांनी अंगठा पाहिला. लाकडावरची तेलकट चकाकी पाहिली. मग दारात ताटली धरून उभ्या असलेल्या वहिनींकडे पाहिलं. वहिनींचा चेहरा उतरला होता.

"ऐकलंस?" साहेब त्यांना म्हणाले. "अजून तसाच आहे. तू जपतेस म्हणून."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि कांदा चिरत होते म्हणाल्या. त्या दिवशी घरात कांदा नव्हता. साहेबांनी पातं उघडलं, ताटलीतलं सफरचंद उचललं आणि त्याच्या आठ फोडी करून सगळ्यांना वाटल्या.

प्रत्येक फोडीला खोबरेलाची चव होती.