मुका माल

बबनआप्पा कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिला टिचकी मारत, मग कान लावत. नव्या माणसाची ओळख करून दिली तरी त्यांचं बोट क्षणभर उचललं जाई.

न्हावऱ्यात ते आमचे शेजारी. सणसवाडीच्या एका कारखान्यात माल तपासण्यात त्यांचा जन्म गेला, आणि सुट्टीच्या दिवशी ते गाव तपासत. माझ्या लहानपणी माठ घ्यायचा तर आई आप्पांना सोबत नेई. ते ओळीनं माठ वाजवत सुटत.

"आप्पा, पाणी पिणार का गाणं ऐकणार?" कुंभारमामा विचारत.

"वयनी, ह्यो लई भाजलाय. पाझरला न्हाई तर पाणी गार कसं व्हणार? ह्यात ज्वारी भरा. त्यो पलीकडचा घ्या."

तो पलीकडचा माठ आमच्याकडे कितीतरी उन्हाळे टिकला. पाणी इतकं गार, की आमच्या फ्रिजला ते अजून जमलेलं नाही.

"तवा लोखंडाचा, कारण त्यो तापतो," आप्पा समजावत. "उलथन्याची मूठ लाकडाची, कारण ती तापत न्हाई. संसाराला दोन्ही लागत्यात. आमच्यात तवा कोण, ते काकीला इचारा."

काकी आतून म्हणत, "तवा निदान भाकरी तरी भाजतो."

राग एकट्या प्लास्टिकवर. "मुका माल. किती बी वाजवा, काय सांगत न्हाई."

निवृत्त झाल्यावर गावानं त्यांचा सत्कार केला. शाल, फेटा, तीन भाषणं आणि एक सोनेरी मानचिन्ह. आप्पांनी माइकसमोरच त्याला टिचकी मारली. "मुकंय," ते हळहळले, आणि ते सगळ्या गावानं ऐकलं. प्रमुख पाहुणे नुकतेच आपलं भाषण, शब्द न सुचल्यानं, अर्धवट सोडून खाली बसलेले. त्यांना ते स्वतःबद्दलच वाटलं असावं.

गेल्या वर्षी काकींचा उजवा हात वाऱ्यानं लुळा पडला. थोड्या दिवसांनी आप्पा म्हणाले, "शिरूरला सोड मला, पेला घ्यायचाय." मी मोटरसायकल काढली.

भांड्यांच्या दुकानात त्यांनी टिचकी मारलीच नाही. एकेक पेला कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर सोडू लागले. स्टील, पितळ, ॲल्युमिनियम. दुकानदार म्हणाला, "आप्पा, पेला घ्यायचाय का त्याला पोचे पाडायचेत?"

शेवटी त्यांनी गुलाबी प्लास्टिकचा मग उचलला. मला हसू आलं. "आप्पा, मुका माल?"

"काकीच्या हातनं पेला सुटतो. स्टील खणाखणा वाजतं, आन् सगळं घर पळत येतं. मंग ती दिवसभर पाणीच मागत न्हाई."

त्यांनी तो गुलाबी मगही फरशीवर सोडला. थप्.

"ह्यो कुणाला सांगत न्हाई," आप्पा म्हणाले.